सहकारी साखर कारखाना : संचालकांची कर्तव्ये

तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात गाळपास प्रारंभ केला. अशा कारखान्याचे मालक ऊस-उत्पादक सभासदच असतात. संचालक हे त्यांचे विश्वस्त होत. संचालकांची प्रमुख कर्तव्ये पुढीलप्रमाणे आहेत :

(१) तोडणी : पक्व ऊस वेळेवर न तुटल्यास त्यास तुरा येतो व साखरेचा उतारा घटतो. म्हणून लागवडीच्या नोंदीच्या क्रमानेच तोड द्यावी. वशिल्याने एकाचा फड आधी तुटला, तर दुसऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल कमी होते.

(२) वजन : तोडलेला ऊस सुकून हलका होतो. गाड्या काट्यावर खोळंबू देऊ नयेत. काट्याची तपासणी सभासदांसमक्ष करावी आणि वजनाची पावती तेथेच द्यावी.

(३) उसाचे पैसे : ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत किमान दराने पैसे देण्याची आणि विलंब झाल्यास सालीना १५ टक्के व्याजाची तरतूद १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात करण्यात आली. हे व्याज म्हणजे कारखान्याची मेहेरबानी नव्हे.

(४) तोडणी मजूर : बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यांतून येणाऱ्या मजुरांच्या कोप्यांजवळ पिण्याचे पाणी, औषधोपचार व मुलांच्या शिक्षणाची सोय असावी.

(५) सांडपाणी : ते शुद्ध केल्यावाचून ओढ्यात सोडल्यास खालच्या गावांच्या विहिरी नासतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वार्षिक सभेपूर्वी ताळेबंद सभासदांस सोप्या भाषेत समजावून द्यावा. सभासदांनीही सभेस उपस्थित राहून वरील प्रत्येक बाबीचा हिशेब विचारावा.