लोणारचें सरोवर, सरकारी पर्यटन-योजना व सुलतानपूरचा शेतकरी

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवराकडे सरकारचें लक्ष अलीकडे विशेष वळलें आहे. सन २००० मध्यें तेथें अभयारण्य जाहीर झालें. २०२० मध्यें रामसर करारान्वयें सरोवराची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. आणि २०२२ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें सुमारें ३७० कोटी रुपयांच्या विकास-आराखड्यास मान्यता दिली. त्याच वर्षीं ११ डिसेंबर रोजीं समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला व जून २०२५ पासून मुंबईकडील ७०१ किलोमीटरचा सर्व मार्ग चालू आहे. मेहकरकडे महामार्ग सोडून लोणारास निघालेला प्रवासी सुलतानपुरावरून जातो. सबब या योजनांशीं आपला संबंध काय, याचा विचार सुलतानपूर व आसपासच्या शेतकऱ्यांनीं आतांच करणें अवश्य आहे.

प्रथम सरोवराची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. कारण तेथें काय बांधावें व काय बांधूं नये, हें तिच्यावरूनच ठरतें. काळ्या पाषाणांत पडलेलें हें विवर सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें असून काठापासून पाण्यापर्यंत सुमारें १३७ मीटर खोल आहे. अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८२३ मध्यें त्याची नोंद केली. तथापि तें ज्वालामुखीचें कीं उल्कापाताचें, हा वाद १९७३ मध्यें तेथील खडकांचा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर उल्कापाताच्या बाजूनें निकालांत निघाला. पाऊस व धारेसारखे झरे यांचें पाणी या विवरांत उतरतें, परंतु बाहेर जाण्यास त्यास वाट नाहीं. तें केवळ उन्हानें आटतें आणि क्षार मागें राहतात. निचरा नसलेल्या जमिनीची काय गत होते, हें आपल्याच जिल्ह्यांत पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांतील शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. जून २०२० मध्यें सरोवराचें पाणी गुलाबी झालें, तेंही असेंच. पाणी आटून क्षार वाढले व क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें दाखविलें. तो निसर्गाचा खेळ होता. गांवाचें सांडपाणी मात्र निसर्गाचा खेळ नव्हे. तें एकदां आंत उतरलें कीं तेथेंच राहतें.

यावरून एक गोष्ट सरळ निघते. विवराच्या काठाशीं जितक्या खोल्या, जितक्या खाणावळी वाढतील, तितका सांडपाण्याचा भार सरोवरावर पडण्याचें भय अधिक. उलट विवराचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षां उंच असल्यामुळें बाहेरच्या शेतांवरील पावसाचें पाणी सरोवराकडे न जातां बाहेरच वाहतें. म्हणून प्रवाशांनीं सरोवर पाहावें लोणारास, आणि रात्रीं मुक्कामास यावें सुलतानपूरसारख्या गांवीं, हीच व्यवस्था सरोवरास व आपणांस दोघांसही हिताची आहे. कमानी, बागा व दिवे यांचीं छायाचित्रें चांगलीं येतात. सांडपाण्याच्या नळाचें छायाचित्र कोणी काढीत नाहीं. परंतु आराखड्यांत पहिला मान त्या नळासच असावयास हवा.

आतां मिळकतीचा प्रश्न. शेगांवीं दर्शन घेऊन, सिंदखेडराजास जिजाऊंचें जन्मस्थान पाहून, दोन घटका लोणारच्या काठावर उभा राहून परत फिरणारा प्रवासी आपल्या गांवांत चहापलीकडे फारसें कांहीं टाकीत नाहीं. सोयाबीनचें पोतें तो विकत घेणार नाहीं. पण घरच्या तुरीची डाळ, हरभऱ्याचें बेसन आणि पौष-माघांतला कोवळा हुरडा यांस तो गिऱ्हाईक होऊं शकतो. हुरड्यासाठीं अर्थात् ज्वारी पेरावी लागेल, आणि ती आपण सोयाबीनच्या मागें लागून पुष्कळशी सोडून दिली आहे. राज्य सरकारचें कृषि-पर्यटन धोरण २०२० मध्यें मंजूर झालें असून त्याखालीं एकटा शेतकरी किंवा शेतकऱ्यांची सहकारी संस्था आपल्या केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करूं शकते. माझ्या मतें संस्थेचा मार्ग बरा; एकट्यानें जमीन तारण ठेवून दहा खोल्या उठविणें हें धाडसच होय. वैशाखांत प्रवासी विरळ, कर्जाचे हप्ते मात्र बाराही महिने. दोन खोल्यांनीं आरंभ करून दोन हंगाम पाहावे.

खोलीच्या आधीं शोषखड्ड्याची जागा शोधावी. खोल काळ्या जमिनींत पावसाळ्यांत तो तुंबतो. म्हणून मुरमाड तुकडा निवडावा, आणि तोही विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. न्हाणीचें पाणी कर्दळीच्या वाफ्यांतून सोडल्यास खड्ड्यावरचा भार पुष्कळ हलका होतो. ग्रामसभेंत या आराखड्याचा विषय निघेल तेव्हां रस्त्याच्या रुंदीइतक्याच आग्रहानें विचारावें कीं, एकंदर रकमेंतून सांडपाण्याच्या कामास किती ठेवले आहेत, त्यांपैकीं खर्च किती झाले, आणि आसपासच्या गांवांच्या वांट्यास काय येणार आहे.