शेतकरी उत्पादक कंपनीत व्यवसाय विश्लेषकाची भूमिका

शेतकरी उत्पादक कंपनीकडे खरेदी-विक्रीच्या नोंदी असतात. त्यांतून निर्णयास आधार काढून देणे हे व्यवसाय विश्लेषकाचे काम होय. सोयाबीन आज विकावे की गोदामात ठेवावे, हे ठरविण्यासाठी तो ॲगमार्कनेटवरील आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर तपासतो. समजा, आजचा सर्वसाधारण दर क्विंटलला ४,४०० रुपये असून तीन महिन्यांचे गोदामभाडे, व्याज व वजनातील घट मिळून २२० रुपये होतात. तर ४,६२० रुपयांहून अधिक दराची शक्यता असल्यासच साठवणूक परवडते. कमाल दर मोजक्याच मालाला मिळतो. त्यावर विसंबल्यास सभासदांचे नुकसान होते. म्हणून विश्लेषकाने हिशेब मांडावा, निर्णय संचालक मंडळाने घ्यावा. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रतवारी व ओलाव्याच्या नोंदी नियमित ठेवण्यास साहाय्य करावे.