दोनच भिंगे, पण कोणती?

घरातल्या मोबाइल फोनने, हात लांब करून, स्वतःच्या चेहऱ्याचा एक फोटो काढून पाहा. नाक जरा फुगलेले दिसेल, कान मागे सरकून बारीक झालेले दिसतील. 'मी काही असा दिसत नाही,' असे तुम्ही म्हणाल, आणि ते खरेच आहे. मग दोष कोणाचा? बहुतेक लोक तो भिंगाच्या माथी मारतात. वास्तविक दोष भिंगाचा नसून अंतराचा आहे. एवढी एक गोष्ट नीट समजली, की रोजच्या छायाचित्रणासाठी भिंगे कोणती घ्यावीत, या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते.

हा प्रश्न आता पुष्कळ शाळांतही उभा राहतो. विज्ञान मंडळासाठी भिंग बदलता येणारा कॅमेरा कोणीतरी देणगी देते. त्याच्यासोबत बहुधा एक झूम भिंग असते. झूम भिंगाचे नाभीय अंतर कमीजास्त करता येते. जसे १८ ते ५५ मि.मी. याउलट ज्याचे नाभीय अंतर एकच, ठरलेले असते, त्या भिंगाला छायाचित्रकार 'प्राइम लेन्स' म्हणतात. आपण त्याला स्थिर भिंग म्हणू. दोन स्थिर भिंगांपुरते पैसे जमले आहेत, तर कोणती दोन घ्यावीत?

झूम असताना स्थिर भिंग हवेच कशाला, असे तुम्ही विचाराल. त्याचे मुख्य कारण प्रकाश. भिंगाच्या छिद्राचा व्यास नाभीय अंतराच्या कितवा हिस्सा आहे, हे एफ-क्रमांक सांगतो. ५० मि.मी.चे भिंग एफ १.८ चे असेल, तर छिद्राचा व्यास ५० भागिले १.८, म्हणजे सुमारे २८ मि.मी. होतो. साध्या झूम भिंगाचा एफ-क्रमांक लांबच्या टोकाला ५.६ असतो. प्रतिमेची प्रखरता एफ-क्रमांकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. ५.६ चा वर्ग ३१.४ आणि १.८ चा वर्ग ३.२, म्हणजे स्थिर भिंग सुमारे दहापट उजळ प्रतिमा देते. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात झूम भिंगाला १/१० सेकंद लागत असेल, तर याला १/१०० सेकंद पुरतो. १/१० सेकंदात अभ्यास करणारे मूल मान हलवते आणि चेहरा पुसट होतो. १/१०० सेकंदात तेच मूल स्पष्ट उमटते. आपले रोजचे आयुष्य बरेचसे घरात आणि कमी उजेडात जाते, तेव्हा हा फरक किरकोळ नव्हे.

किती मावते?

आता थोडी भूमिती. वस्तू दूर असली म्हणजे तिची प्रतिमा भिंगापासून जवळजवळ नाभीय अंतरावरच पडते, हे तुम्ही शिकला आहात. भिंगाच्या एका बाजूला प्रतिमेचा छोटा त्रिकोण आणि दुसऱ्या बाजूला दृश्याचा मोठा त्रिकोण काढा. दोन्ही समरूप आहेत. त्यावरून,

दृश्याची रुंदी = वस्तूचे अंतर × चित्रचौकटीची रुंदी ÷ नाभीय अंतर.

चित्रचौकट कोणती धरायची? जर्मनीतील वेट्झलार गावच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बर्नाक नावाचा तंत्रज्ञ होता. चित्रपटाच्या फिल्मवर १८ × २४ मि.मी.ची चौकट असे. त्याने ती दुप्पट करून २४ × ३६ मि.मी. केली आणि त्या मापाचा खिशात मावणारा कॅमेरा बनवला. तो लायका या नावाने १९२५ साली बाजारात आला. तेव्हापासून हे माप प्रमाण मानले जाते. फिल्म जाऊन तिच्या जागी प्रकाश-संवेदक आला, तरी मोठ्या संवेदकाचे माप आजही तेच आहे. या आयताचा कर्ण पायथागोरसाच्या सिद्धांताने काढलात तर तो ४३ मि.मी.हून किंचित अधिक येईल. ज्याचे नाभीय अंतर या कर्णाच्या आसपास असते, त्या भिंगाचे चित्र 'साधे', नेहमीसारखे वाटते. ५० मि.मी. हे माप त्याच शेजारचे आहे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ याने आपले बहुतेक काम याच एका मापावर केले.

सूत्रात आकडे घालून पाहू. तुम्ही ३ मीटर अंतरावर उभे आहात. ३५ मि.मी.च्या भिंगात ३.१ मीटर रुंदीचे दृश्य मावेल, ५० मि.मी.च्या भिंगात २.२ मीटर आणि ८५ मि.मी.च्या भिंगात जेमतेम १.३ मीटर. घरातल्या खोलीत ३ मीटर मागे सरकायला मिळणे हीच चैन असते, हे ध्यानात असू द्या.

हे गणित मला वेळेवर सुचले नाही, त्याची गोष्ट सांगतो. १९८१ साली माझ्या कॅमेऱ्याला ५० मि.मी.चे भिंग होते. लांबचे जवळ दिसणार, या हौसेने मी ते देऊन, वर शिकवण्यांचे पैसे घालून, १३५ मि.मी.चे भिंग घेतले. दिवाळीला गावी गेलो. भाऊबीजेला माजघरात आजीभोवती आम्ही सगळी नातवंडे जमलो, मी सोडून आठ जण. भिंतीला पाठ टेकवून उभा राहिलो तरी माझ्यात आणि आजीत ३ मीटरहून अधिक अंतर होईना. ३ × ३६ ÷ १३५, म्हणजे ८० सेंटिमीटर! आजी आणि तिच्या मांडीवरचा धाकटा, एवढेच चौकटीत आले. सगळ्यांना अंगणात नेईपर्यंत ऊन गेले होते. 'असू दे, पुढल्या वर्षी काढ,' आजी म्हणाली. पुढल्या दिवाळीला ती नव्हती. तो फोटो माझ्याकडे आहे आणि चांगला आला आहे. पण त्यात सात जण नाहीत.

मग रुंद भिंगच का नको?

यावर कोणी म्हणेल, ३५ मि.मी.चे एकच भिंग घ्यावे आणि चेहरा मोठा हवा असेल तेव्हा चालत पुढे जावे, पाय आहेतच. हा सल्ला अर्धा बरोबर आहे. पुढे गेल्याने चेहरा मोठा होतो, पण त्याचबरोबर त्याचे यथादर्शन, म्हणजे जवळच्या आणि दूरच्या भागांचे परस्पर प्रमाण, बदलते.

नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत समोरासमोरचे अंतर सुमारे १२ सेंटिमीटर धरा. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल, तर कान ५२ सेंटिमीटरवर आहेत. प्रतिमेतील आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. तेव्हा नाक कानाच्या मानाने ५२ ÷ ४०, म्हणजे १.३ पट मोठ्या प्रमाणात उमटेल. आता कॅमेरा दीड मीटर मागे न्या. १६२ ÷ १५० = १.०८. फरक तीस टक्क्यांवरून आठ टक्क्यांवर आला! माणसाशी बोलताना आपण साधारण एवढ्या अंतरावर असतो, म्हणून हा चेहरा आपल्याला ओळखीचा वाटतो. या गणितात नाभीय अंतर कोठेच आले नाही, हे पाहिलेत ना? फुगलेल्या नाकाला जबाबदार आहेत ते ४० सेंटिमीटर.

खात्री करून घ्यायची असेल, तर एकाच जागेवरून एक फोटो ३५ मि.मी.ने आणि एक ८५ मि.मी.ने काढा. पहिल्यातला मधला भाग कापून मोठा करा. नाक, कान, मागची खिडकी, सगळ्यांचे प्रमाण दोन्हींत तंतोतंत एक असेल. मग ८५ चे भिंग घ्यायचे कशाला? कारण त्या कापाकापीत चित्राचा सहावा हिस्साच उरतो. २४० लाख बिंदूंचे चित्र ४० लाख बिंदूंचे होते. दीड मीटरवर उभे राहून, कॅमेरा उभा धरून, ८५ मि.मी.च्या भिंगातून ४२ × ६४ सेंटिमीटरचे दृश्य दिसते. डोके आणि खांदे त्यात बरोबर बसतात.

इथेच निवडीची कसोटी सापडते. जे काम एखाद्या पावलाने होते, त्यासाठी भिंग विकत घेऊ नये. जिथे पुढे टाकलेले पाऊल चेहरा बिघडवते, किंवा मागे पाऊल टाकायला भिंत आड येते, तिथेच भिंगावर पैसे खर्चावेत.

३५ आणि ५० ही जोडी पुष्कळ जण घेतात. ५० मि.मी.ने ३ मीटरवरून जेवढे दिसते, तेवढे ३५ मि.मी.ने २.१ मीटरवरून दिसते. म्हणजे एक मोठे पाऊल! तेवढ्यासाठी दुसरे भिंग घेणे मला पटत नाही. ३५ आणि ८५ मध्ये मात्र हेच अंतर ३ मीटरवरून सव्वा मीटरपर्यंत खाली येते, आणि सव्वा मीटरच्या आत चेहऱ्याचे यथादर्शन बदलू लागते. म्हणून मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्याला ३५ आणि ८५ ही माझी जोडी. ज्यांचे घर फार लहान आहे, किंवा ज्यांना बाजारातल्या गल्लीबोळांची चित्रे काढायची आहेत, त्यांनी २८ आणि ५० घेतली तर ती चूक म्हणणार नाही. दोन्ही जोड्यांत दुसरे भिंग पहिल्याच्या सुमारे दुप्पट ते अडीचपट आहे, हे पाहून ठेवा.

शाळांतील बहुतेक कॅमेऱ्यांचा संवेदक लहान, सुमारे २३.५ × १५.६ मि.मी.चा असतो. सूत्रात ३६ च्या जागी २३.५ घाला. मोठ्या चौकटीवर ३५ आणि ८५ जे काम करतात, ते येथे साधारण २४ आणि ५५ करतील. ५५ ऐवजी ५० घेतले तरी चालते, आणि त्यात पैसे वाचतात. ५० मि.मी., एफ १.८ हे भिंग बहुधा सर्वांत स्वस्त असते.

ते स्वस्त का, याचे कारण मोठे गमतीचे आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागते; भिंग बसवण्याची कडी फिल्मपासून सुमारे ४५ मि.मी. दूर असते. ५० मि.मी.ची रचना तेथे सहज बसते. ३५ मि.मी.चे भिंग मात्र आरशावर आपटेल! त्यासाठी पुढे एक अंतर्वक्र भाग बसवून भिंग दूर ठेवावे लागते. फ्रान्समधील पिएर आंजेन्यू यांनी १९५० साली असे भिंग बाजारात आणले. काचा वाढल्या, तशी किंमतही वाढली. ५० मि.मी.ची रचना मात्र जुनी आणि घोटून पक्की झालेली. जर्मनीच्या त्साइस कारखान्यातील पाउल रुडॉल्फ याने १८९६ साली सहा काचांचे जवळजवळ सममित 'प्लानार' भिंग रचले, त्याच कुळातील ती आहे. प्लानारमध्ये काच आणि हवा यांच्या आठ सीमा होत्या. प्रत्येक सीमेवर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होई. ०.९६ चा आठवा घात काढा: फक्त ७२ टक्के प्रकाश पार जाई, आणि उरलेल्यातला काही आतच घुटमळून चित्रावर धुरकट पडदा धरी. १९३५ साली त्याच कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला याने काचेवर परावर्तन रोखणारा पातळ थर देण्याची रीत काढली आणि या रचनेचे दिवस पालटले.

पुठ्ठ्याचे भिंग

पैसे खर्च करण्यापूर्वी हा प्रयोग करा. बुटांच्या खोक्याच्या झाकणात १८ × १२ सेंटिमीटरचे आयताकृती भोक कापा. ३६ × २४ मि.मी.च्या चौकटीची ही पाचपट. आता झाकणाला एक दोरा बांधा आणि त्यावर १७.५, २५ आणि ४२.५ सेंटिमीटरवर गाठी मारा. या ३५, ५० आणि ८५ च्या पाचपटी आहेत. हवी ती गाठ डोळ्याखाली गालाच्या हाडावर धरा, दोरा ताणा, दुसरा डोळा मिटा आणि भोकातून पाहा. त्या मापाच्या भिंगातून जे दिसेल, तेवढेच दिसेल. विश्वास बसत नसेल, तर भिंतीपासून ३ मीटरवर उभे राहा, चौकटीच्या कडा कोठे येतात तेथे मित्राला खडूने खुणा करायला सांगा आणि अंतर मोजा. पहिल्या गाठीला ३.१ मीटर आणि तिसऱ्या गाठीला १.३ मीटरच्या जवळपास यायला हवे. यापेक्षा फार फरक पडला, तर दोरा सैल आहे.

आठवडाभर ही चौकट जवळ ठेवा. आई स्वयंपाकघरात, आजोबा ओट्यावर, मित्र बाकावर, बसथांब्यावरची गर्दी. जे जे टिपावेसे वाटेल ते चौकटीतून पाहा आणि वहीत ठिकाण, अंतर व गाठ लिहा. पन्नास नोंदी तरी व्हाव्यात. झूम भिंग असेल, तर आणखी सोपे: प्रत्येक चित्राबरोबर कॅमेरा नाभीय अंतर नोंदवून ठेवतो, ते संगणकावर पाहून मोजदाद करा. मात्र लहान संवेदकावरील आकड्याला १.५ ने गुणायला विसरू नका.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी नववीच्या वर्गाकडून अशा नोंदी करून घेतल्या. दोन मुलांच्या वह्यांत तिसरी गाठ एकदाही आली नाही. एका मुलीच्या वहीत मात्र तीच सर्वांत जास्त होती. तिने आठवडाभर फक्त आपल्या आजीला पाहिले होते.