पत्त्यांना ग्राफिक्स कार्ड लागत नाही

हिवरखेडात कॉम्प्युटर जुळवून द्यायचा आणि बिघडलेले दुरुस्त करायचा माझा धंदा आहे. गिऱ्हाईक आसपासचंच: सेतू केंद्र, कृषी सेवा केंद्र, शाळेचं ऑफिस, फोटो स्टुडिओ, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं. २०२० च्या लॉकडाऊननंतर त्यात एका नव्या गिऱ्हाइकाची भर पडली. वय विशी-पंचविशीचं, मोबाईलमध्ये पोकरचं अ‍ॅप आणि मागणी ठरलेली: "भाऊ, पोकरसाठी मशीन पाह्यजे. एकदम हेवी."

अशा पोट्ट्यांच्या मशीन मी जुळवल्या, दुरुस्त केल्या आणि पुढे विकायलाही मदत केली. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो. पोकर आता कोणी खेळो न खेळो, घरात कॉम्प्युटर घेणाऱ्या प्रत्येकाच्या ते कामाचं आहे.

एक पोरगा विशेष लक्षात राहिला. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलमागे दहा हजारांच्या वर गेला होता, तेव्हाची गोष्ट. घरात थोडा पैसा खेळत होता. त्याच्या खेळाला वीस-पंचवीस हजारांची मशीन पुष्कळ झाली, असं मी त्याला सांगितलं. पण व्हिडिओ पाहून त्याची यादी आधीच तयार होती: मोठं ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट, १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर. शेवटी नागपूरहून लाखाच्या घरातली मशीन आली. उन्हाळा लागला तसा तो माझ्याकडे आला. "मशीन एवढी भारी, तरी डाव मधातच तुटते, भाऊ." मी घरी जाऊन पाहिलं. मशीन ठणठणीत होती. संध्याकाळी लाईन झपकली की राऊटर बंद पडत होता, आणि ६०० व्हीएचा यूपीएस त्या ग्राफिक्स कार्डाचा भार न पेलता लगेच मान टाकत होता. जिथे पैसा घातला तिथे गरज नव्हती, आणि जिथे गरज होती तिथे काहीच घातलं नव्हतं.

पत्ते तुमच्या घरी पिसले जात नाहीत

पोकरचे पत्ते कंपनीच्या सर्व्हरवर पिसले जातात. तुमच्या पडद्यावर फक्त निकाल येतो: हे दोन पत्ते, एवढा पॉट, आता तुमची पाळी. तुम्ही बटण दाबता, तेवढा निरोप परत जातो. या ये-जा करणाऱ्या माहितीचा आकार अगदी किरकोळ असतो. पैसे लावून ऑनलाइन पोकर पहिल्यांदा खेळलं गेलं १ जानेवारी १९९८ ला, प्लॅनेट पोकर नावाच्या साइटवर. तो काळ टेलिफोनच्या तारेवरून कर्कश आवाज करत जोडल्या जाणाऱ्या मोडेमचा होता. २००३ साली ख्रिस मनीमेकर हा अमेरिकेतला अकाउंटंट ऑनलाइन स्पर्धेतून पात्र ठरला आणि थेट पोकरची जागतिक स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्या काळच्या घरगुती कॉम्प्युटरपेक्षा आज तुमच्या खिशातला साधा मोबाईल कितीतरी ताकदवान आहे.

"पिंग कमी पाह्यजे" असंही पोरं सांगत येतात. गोळीबाराच्या खेळात ते खरं आहे. तिथे सेकंदाच्या दहाव्या भागात माणूस मरतो. पोकरमध्ये विचार करायला काही सेकंद मिळतात. निरोप ५० मिलिसेकंदांत पोहोचला काय आणि १५० मध्ये पोहोचला काय, डाव तोच. तिथे कनेक्शनचा वेग दुय्यम असतो, ते न तुटणं महत्त्वाचं.

ग्राफिक्स कार्डाचा हट्ट धरणाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. २०१९ मध्ये अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले नोम ब्राउन आणि ट्युओमास सँडहोम यांनी फेसबुकच्या संशोधन विभागासोबत 'प्लुरिबस' हा प्रोग्राम तयार केला. सहा जणांच्या टेबलावर त्याने नावाजलेल्या व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. त्याची मूळ चाल तयार व्हायला ६४ कोअरच्या सर्व्हरवर आठ दिवस लागले, रॅम ५१२ जीबीच्या आत आणि ग्राफिक्स कार्ड एकही नाही. प्रत्यक्ष खेळताना तो दोन प्रोसेसर आणि १२८ जीबी रॅमवर चालला. जगातल्या पट्टीच्या खेळाडूंना हरवायला जे लागलं नाही, ते हिवरखेडात चार टेबलं उघडायला कशाला लागेल?

पैसा घालायचा तर कुठे

मशीन हळू चालते म्हणून काही विकत घेण्याआधी ती कशामुळे हळू चालते ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. तिथे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांतलं कोण शंभर टक्क्यांवर अडकलं आहे ते दिसतं. जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा डिस्कच अडकलेली असते. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका. एवढ्या एका बदलाने जुनी मशीन जशी उठून बसते तशी दुसऱ्या कशानेही नाही.

त्यानंतर रॅम. घरगुती कामाला ८ जीबी चालते. बरेच प्रोग्राम एकत्र उघडायचे तर १६ जीबी घ्या, आणि एकाच १६ च्या पट्टीपेक्षा ८-८ च्या दोन घ्या. दोन्ही पट्ट्या एकत्र काम करतात तेव्हा प्रोसेसरच्या आत असलेल्या ग्राफिक्सला जास्त वाव मिळतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चांगलेच चढले, तेव्हा गरज नसताना ३२ जीबीच्या मागे लागू नका.

प्रोसेसर घेताना नावातलं शेवटचं अक्षर वाचा. इंटेलच्या मॉडेलच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. एएमडीच्या रायझन ५६०० मध्ये ते नाही, ५६००जी मध्ये आहे. "हजार रुपये स्वस्त पडते" म्हणून एफचा प्रोसेसर घ्यायचा आणि मग पडद्यावर चित्र दिसावं म्हणून पाच हजारांचं कार्ड, असे सौदे मी पाहिले आहेत.

उरलेला पैसा मॉनिटरवर लावा. एकापेक्षा जास्त टेबलांवर खेळणाऱ्याला खरी अडचण जागेची असते. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर चार खिडक्या एकमेकींवर न चढता बसतात, प्रत्येकी ९६० बाय ५४०. २५६० बाय १४४० च्या पडद्यावर त्याच चार खिडक्या १२८० बाय ७२० च्या होतात आणि आकडे वाचायला डोळे ताणावे लागत नाहीत. १४४ हर्ट्‌झचा इथे काडीचा उपयोग नाही, पत्ते काही धावत नाहीत. असा मोठा पडदा पुढे हिशेबाला, नकाशाला, फोटोच्या कामाला येतो.

लाईन, ऊन आणि धूळ

आपल्याकडे मशीनचे शत्रू वेगळे आहेत. पुण्या-मुंबईच्या यादीत ते सापडत नाहीत.

पहिला शत्रू वीज. शेतातले पंप एकदम सुरू-बंद झाले की गावातला व्होल्टेज वर-खाली होतो. म्हणून मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएस नामांकित कंपनीचाच घ्या; कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्याच्या भरवशावर राहू नका. ६०० व्हीएच्या यूपीएसवर साधारण ३६० वॅट चालतात, तेही कागदावर. ग्राफिक्स कार्ड नसलेली साधी मशीन आणि मॉनिटर त्यावर काम सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ आरामात चालतात. राऊटरला मात्र स्वतंत्र छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. तो हजार-दोन हजारांत येतो, आणि "डाव तुटते" ही तक्रार बहुतेक तिथेच मिटते. शिवाय मोबाईलचा हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीच्या सिमवर तयार ठेवा.

अर्थिंगकडे कोणी बघतच नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर वायरमनला बोलवा. मार्च ते जून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहा.

दुसरा शत्रू ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. प्रोसेसर जास्त तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो, आणि माणसाला वाटतं मशीन जुनी झाली. कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. थंडाव्यासोबत ओल आत जाते. तिसरा शत्रू धूळ. कापसाच्या हंगामात हवेतली लव पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर बसते, ओलीशी मिसळून तिचा थर होतो. दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळ्याआधी एकदा मशीन उघडून साफ करा. दोन-तीन वर्षांनी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदला. हे सगळं काही शे रुपयांत होतं, आणि नवी मशीन घ्यायचा अर्धा मोह तिथेच विरतो.

जुनं घेताना

मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेल्या मशीन नागपूरच्या सीताबर्डीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळतात. त्या वाईट नसतात. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. सहाव्या-सातव्या पिढीची मशीन "आय सेव्हन आहे" म्हणून गळ्यात मारली जाते. पिढी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुनं ग्राफिक्स कार्ड तर आणखी जपून घ्या. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि कार्डांवर ते चलन 'खोदण्याचा' धंदा एका दिवसात बसला. रात्रंदिवस तापलेली कार्डं मग बाजारात आली. वरून चकचकीत, आत पंखा घासलेला.

जिथे ताकद खरंच लागते

दोन ठिकाणी लागते. एक, डावांची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर. पोकरट्रॅकर ४ खेळलेला प्रत्येक डाव पोस्टग्रेएसक्यूएलच्या डेटाबेसमध्ये साठवतो; लाखो डाव साठले की एसएसडी आणि रॅम लागते. दोन, पायोसॉल्व्हरसारखे सॉल्व्हर. एखाद्या परिस्थितीत गणिताने सर्वांत योग्य चाल कोणती, ते शोधताना सगळ्या शक्यतांचं झाड रॅममध्ये उभं करावं लागतं. तिथे कोअर आणि रॅम जितकी जास्त तितकं काम लवकर. पण हा अभ्यास आहे, आणि अभ्यास करणारे माझ्याकडे आले ते बोटावर मोजण्याइतके.

मशीनच्या ताकदीपेक्षा सुरक्षितता मोठी. २०१३ मध्ये येन्स किल्लोनेन या फिनलंडच्या खेळाडूचा लॅपटॉप बार्सिलोनाच्या हॉटेलमधल्या खोलीतून गायब झाला आणि परत जागेवर सापडला. एफ-सिक्युअर या सायबर सुरक्षा कंपनीने तपासला तेव्हा त्याच्या पडद्यावर दुरून नजर ठेवणारा प्रोग्राम आत बसवलेला निघाला. २०१५ मध्ये ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने ओडलानोर नावाचा ट्रोजन शोधला. तो पोकर खेळणाऱ्याच्या पडद्याचे फोटो काढून त्याचे पत्ते चोरांना दाखवायचा. फुकटातलं क्रॅक सॉफ्टवेअर टाकणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. ज्या मशीनवर खेळता तिच्यावरच घरचं बँकेचं खातं उघडू नका.

दार बंद झाल्यावर

लाखाच्या मशीनचा हिशेब करायचा तर खेळाचाही करावा लागतो. एप्रिल २०२३ पासून जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के कर कापला जाऊ लागला. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी आला. टेबलावर कंपनीचा वाटा वेगळाच. एवढं वजा झाल्यावर मशीनचे पैसे कोणत्या डावातून निघणार होते, याचं उत्तर त्या पोरांपैकी एकाकडेही नव्हतं. आणि पत्ते सर्व्हरवर पिसले जात असल्याने मशीन चांगली घेतली म्हणून पत्ते चांगले येत नाहीत.

मग २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर झाला. २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा, पैसे लावून खेळवणारे ऑनलाइन खेळ बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. देशातल्या मोठ्या पोकर कंपन्यांनी पैशांची टेबलं बंद केली. तो कापसाच्या पैशांवाला पोरगा ग्राफिक्स कार्ड विकायला माझ्याकडे आला; घेतल्या भावाच्या निम्मेही आले नाहीत. मॉनिटर मात्र त्याने ठेवला. त्यावर आता तो लग्नाचे अल्बम करतो.

काही जण आता परदेशी साइटचा रस्ता विचारतात, व्हीपीएन टाकून मागतात. मी टाकून देत नाही. तिथे आधार कार्ड, पॅन आणि पैसे देऊन बसलात आणि त्यांनी खातं बंद केलं, तर दाद मागायला जागा नाही. अनोळखी खात्यांतून आलेल्या पैशांपायी स्वतःचं बँक खातं गोठू शकतं, आणि त्याच खात्यात पीकविम्याचे पैसे यायचे असतात. कोणी फसवलंच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर खेळायला आजही मनाई नाही, आणि त्यासाठी घरात असलेली मशीन पुरते.

म्हणून घेणाऱ्याला माझं एकच सांगणं. दुकानात येण्याआधी कोऱ्या कागदाच्या डाव्या बाजूला घ्यायचा प्रत्येक भाग लिहा. उजव्या बाजूला, हा खेळ उद्या बंद पडला तरी तो भाग कोणतं काम करेल ते लिहा. एसएसडी, रॅम, यूपीएस, मॉनिटर यांच्यापुढे चार-चार कामं सहज निघतील. ग्राफिक्स कार्डापुढे व्हिडिओ एडिटिंग किंवा डिझाइनचं काम लिहून आणलंत तर मी स्वतः चांगलं कार्ड शोधून देईन. नुसतं पोकर लिहिलं असेल, तर पेन माझ्या खिशात असतोच. ती ओळ मी खोडणार.