मूल जेथे, शाळा तेथे

माजिवड्याच्या नाक्यावर घोडबंदरचा रस्ता व नाशिककडील महामार्ग येऊन मिळतात. तेथून मुंबईच्या दिशेस थोडे पुढे गेले म्हणजे तीन हात नाका लागतो. तांबडा दिवा लागून गाड्या थांबल्या की लहान मुले फुले घेऊन काचेपाशी येत. आम्हीही कित्येकदा त्यांच्या हातावर नाणे ठेवले व सत्कर्म केल्याच्या समाधानात पुढे गेलो. त्या नाण्याने त्या मुलाचे उद्याही तेथेच उभे राहणे पक्के होते, हा विचार आमच्या मनास शिवला नाही.

सन २०१६ मध्ये ठाणे महानगरपालिका व समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था यांनी त्याच पुलाखाली, मालवाहू लोखंडी पेट्यांत, ‘सिग्नल शाळा’ उघडली. शहरात शाळा नव्हत्या असे नाही. शाळाही होत्या व मुलेही होती. परंतु दोहोंची गाठ पडत नव्हती. आईबाप दुष्काळी मुलखातून पोटासाठी आलेले. राहावयास छप्पर नाही, अंघोळीस पाणी नाही, आणि शाळेची वेळ तीच कमाईची वेळ. यास्तव शाळाच मुलांपाशी गेली, व पाटीपुस्तकांच्या आधी तिने अंघोळीची व अन्नाची सोय पाहिली. पुढे त्यांतील काही मुले दहावीची परीक्षाही उत्तीर्ण झाली.

ही रीत या मुलखास नवी नाही. ताराबाई मोडक यांनी सन १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. ते गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. सन २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. पाड्यावरील मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्या आळस म्हणून त्यांस दोष देत बसल्या नाहीत. त्यांनी पाड्याच्या अंगणातच वर्ग भरविला. पुढे कोसबाड येथे, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा नेली, तीच ‘कुरणशाळा’. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हापासून ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर झाले.

यावरून शिकावयाचे ते हे की, जी मदत आपल्या दाराशी बसून वाट पाहते, ती सर्वांत गरजू घरास पोहोचत नाही. ज्यास चालून येण्याचे बळ आहे, तोच तिच्यापर्यंत येतो.

आता आपल्या गावाकडे पाहू. सहा वर्षांखालील मुलांस, गरोदर स्त्रियांस व अंगावर पाजणाऱ्या मातांस अंगणवाडीत पोषक आहार मिळतो. लसीकरण व आरोग्यतपासणीही होते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस सन २००९ च्या कायद्याने मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. परंतु सामान्यतः चौदा वर्षे पुरी झाली की तो हक्क संपतो. आणि नेमक्या त्याच वयात मुलगा वीटभट्टीवर जातो व मुलीच्या लग्नाची बोलणी निघतात. बाप वारला वा अंथरुणास खिळला, तर हे आणखी लवकर घडते. अशा मुलाने घरीच राहून शिकावे म्हणून महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. संकटातील मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. सोय आहे, पण सांगणारा नाही, म्हणून किती घरे रिकाम्या हाताने राहतात!

तरी प्रत्येक गावी दोघांनी मिळून महिन्यातून एकदा घरोघर जावे. शाळेच्या पटावर कोण आहे हे न विचारता, कोण नाही हे विचारावे. ज्या घरी मूल गैरहजर आढळेल, तेथे प्रथम कारण ऐकून घ्यावे, उपदेश मागाहून करावा. अर्ज लिहिता येत नसेल तर लिहून द्यावा, व कचेरीत सोबत जावे.

विचारासाठी प्रश्न:
१. आपल्या गावातील कोणते मूल कोणत्याच पटावर नाही?
२. त्याच्या घरापासून मदतीच्या दारापर्यंत कोणती अडचण उभी आहे?
३. ती दूर करण्यास या आठवड्यात कोण चालून जाईल?