आधी बोलते करा, मग गुण द्या

आयर्लंडची राजधानी डब्लिन हिच्या दक्षिणेस सँडीफोर्ड हे उपनगर आहे. तेथील मुले घरी इंग्रजी, पोलिश किंवा एखादी भारतीय भाषा बोलतात. शाळेत मात्र बहुतेकांना आयरिशही शिकावी लागते. घरी कानावर न पडणारी भाषा मुलांच्या तोंडी कशी यावी? मराठी शिकवताना आपल्यापुढेही हाच प्रश्न आहे.

आयर्लंडमध्ये शाळा संपताना लीव्हिंग सर्टिफिकेट ही परीक्षा असते. तीत २०१२ पासून आयरिशच्या ६०० गुणांपैकी २४० गुण तोंडी परीक्षेस ठेवण्यात आले. त्यांतले १२० गुण नुसत्या गप्पांना व ८० चित्रमाला पाहून गोष्ट सांगण्यास. जे तपासले जाते तेच वर्गात शिकवले जाते. बोलण्याला गुण दिले की बोलणे शिकवावेच लागते.

वाचकहो, हा प्रयोग घरीही करता येईल. सहा चित्रे काढा : आजी बाजारात गेली, पापलेट घेतले, घासाघीस केली, घरी येऊन कालवण केले, पान वाढले, आजोबा जेवले. नातवाला गोष्ट सांगू द्या. मध्येच चूक काढू नका. तीन गोष्टी टिपून ठेवा : किती वाक्ये न अडता आली, 'आजोबा जेवली' होते की 'जेवले', आणि शब्द अडला तर तो मराठीतच विचारतो का. शेवटी एकच चूक सुधारा. महिन्याने तीच चित्रे पुन्हा दाखवा. मागच्या टिपणाशी ताडून पाहिले की प्रगती आपोआप कळेल.