खेळता खेळता शुद्धलेखन

उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये आमचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग भरतो. बरीच मुले कातकरी आणि ठाकर कुटुंबांतली. आईवडील बांधकामावर किंवा वीटभट्टीवर असतात. गेल्या वर्षी पाचवीतली एक मुलगी आपला शाळेचा कागद वाचता वाचता थांबली. "बाई, आमच्या नावावरची मात्रा कुठं गेली?" आडनाव वाघे, कागदावर लिहिले होते 'वाघ'. प्रवेशाच्या वेळी आईने अंगठा दिला होता. पुढे जातीचा दाखला काढताना वडिलांचे व मुलीचे आडनाव जुळावे लागते. ती शाळेत असतानाच चूक दिसली, म्हणून मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन दुरुस्ती झाली.

तेव्हापासून शुद्धलेखन मी केवळ गुणांसाठी शिकवत नाही. वहीभर लाल फुल्या दिसल्या की मूल लिहायचेच थांबते, म्हणून लाल पेनही बाजूला ठेवला. त्याऐवजी आम्ही हे चार खेळ खेळतो.

१. विटा रचणे : पुठ्ठ्याच्या विटा कापाव्यात, दीर्घ अक्षराला लांब, ऱ्हस्वाला आखूड. 'वीट' लिहिताना 'वी' लांब. शेवटी काना आला की ती वीट काढून आखूड लावायची : विटा. तसेच फूल–फुले, गूळ–गुळाचा, मीठ–मिठाचा. मुले शब्द मोठ्याने म्हणतात, तेव्हा फरक कानालाही कळतो. गुण, विष, हित हे संस्कृतातून आलेले शब्द मात्र ऱ्हस्वच राहतात. ते नंतर घ्यावेत.

२. लोकलचा शेवटचा डबा : प्रत्येकाच्या हाती एक अक्षर देऊन मुलांची गाडी करावी. शेवटच्या डब्यात इकार किंवा उकार आला, तर तो दीर्घ : नदी, पाणी, वाळू, कवी, गुरू. 'आणि', 'परंतु' हे अपवाद वेगळ्या फलाटावर उभे करावेत. मुले ते विसरत नाहीत.

३. पाट्या वाचणे : फाळणीनंतर येथे सिंधी निर्वासित वसले. बाजारात हिंदी पाट्याही भरपूर दिसतात. हिंदीत 'फूलों का हार', मराठीत 'फुलांचा हार'; हिंदीत 'कवि', मराठीत 'कवी'. मुले असे शब्द टिपून आणतात. स्टेशनच्या नावांतून विठ्ठलवाडीतला 'ठ्ठ' पक्का होतो. बदलापूर, नागपूर, सोलापूर लिहून पाहिले की गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ असतो, हेही समजते.

४. घरचा शब्द, पुस्तकातला शब्द : कुणी घरी 'पानी' म्हणते. ती चूक नव्हे, घरची बोली आहे. फळ्याच्या एका बाजूला घरचा शब्द लिहावा, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी, हे सांगितल्यावर मुलांनी 'कात', 'खैर' आणि 'कातकरी' हे शब्द एकदाही न चुकता लिहिले. आपल्या माणसांचा शब्द फळ्यावर आला की हात आपोआप वर होतात.

दर शनिवारी प्रत्येक मूल स्वतःचे, आईचे, वडिलांचे आणि गावाचे नाव लिहिते व घरातल्या कागदाशी ताडून पाहते. आपल्या ओळखीत शाळेत जाणारे एखादे मूल असेल, तर त्याच्यासोबत एवढे जरूर करा. पाच मिनिटे लागतात. एका मात्रेपायी घालावे लागणारे अनेक हेलपाटे त्याने वाचतील.